चौदा शाबानची खबर

बखीतने फिंजानातली, त्या बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यातली कॉफी तोंडाला न लावता तशीच सतरंजीवर ठेवली, आणि वदीमा काय ते समजली.

हुवैलाच्या अमिरातीत शेंबड्या पोरालाही कळतं, की पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली म्हणजे त्याला काहीतरी मागायचंय. यजमान हो म्हणेपर्यंत तो तिला शिवणार नाही, आणि कॉफी तशीच राहिली तर नाक कापलं जातं ते यजमानाचं. मागणारा गरीब असला तर देणाऱ्याला मोठेपणा वाटतो. पण मागणारा बखीतसारखा, शेख गानिमचा कारभारी असला, तर? मग ते मागणं कसलं डोंबलाचं!

"घ्या की बखीतभाऊ, थंड होतेय," वदीमा म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिने मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

"घेईन की. घाई काय आहे?" बखीत भिंतीवरचा तिच्या मुलाचा, ओबैदचा फोटो बघत होता. गणवेशातला, राजवाड्याच्या पहारेकऱ्यांत भरती झाला त्या दिवशीचा. "पोरगं देखणं आहे हो तुमचं. काल ड्यूटीवरून घरी आला नाही वाटतं?"

"नाही आला. फोनही लागत नाही."

"लागायचा नाही. शेखसाहेबांनी त्याला शिकारखान्यावर पाठवलंय. वाळवंटात, लांब. तिथे कुठली रेंज! पण ओबैदच्या आईने, उम्म ओबैदने, काळजी करायचं कारण नाही. मटण-भात खातोय, झोपा काढतोय. तुमची साक्ष झाली की येईल."

वदीमाच्या हातात अजून कॉफीची किटली होती. तिने ती पटकन खाली ठेवली.

साक्षीचं तिला आठ दिवसांपूर्वी कळलं होतं. म्हातारे अमीर शेख मुसब्बह अंथरुणाला खिळले होते, वाचा गेली होती. घराण्याचा रिवाज असा, की गादीचा वारस थोरला मुलगा, आणि त्याने वयाची चाळिशी गाठली की सगळ्या जमातींसमोर त्याच्या हाती हात द्यायचे. चाळिशी आता शाबान महिन्यात, पुढच्याच महिन्यात होती. पण एकाची नव्हे, दोघांची. शेख सुहैल आणि शेख गानिम, दोन सवतींचे मुलगे, एकाच संध्याकाळी जन्मलेले. घराण्याच्या वहीत दोघांचीही तारीख एकच लिहिलेली, पंधरा शाबान, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर. आधी सुहैल, मग गानिम. चाळीस वर्षं हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. आणि आता गानिमने काझींपुढे तोंड उघडलं होतं, की सिद्ध करा. बाळंतपणं करणारी सुईण मर्यूम कधीच वारली. परदेशी नर्स तिच्या देशी निघून गेली. गानिमची आई शेखा अफरा बाळंतज्वराने सातव्या दिवशीच गेली. त्या संध्याकाळी दोन्ही खोल्यांत पाणी वाहून नेणारी मर्यूमची चौदा वर्षांची पोर तेवढी उरली होती. ती पोर म्हणजे आजची वदीमा.

"काय मागणं आहे?" तिने विचारलं.

"एवढंच, की कुराणावर हात ठेवून सांगायचं, आधी गानिम जन्मले. सूर्य मावळायच्या आधी. म्हणजे चौदा तारखेलाच." सूर्य मावळला की आपल्याकडे तारीख बदलते, हे तिला सांगायची गरज नव्हती. "चाळीस वर्षं, उम्म ओबैद! चाळीस वर्षं दरसाल पंधरा शाबानला सुहैलसाठी तीन मजली केक येतो, पेपरात पानभर शुभेच्छा येतात, आणि खाली बोटभर जागेत माझ्या शेखसाहेबांचं नाव. सुहैल फुंकर मारणार आणि यांनी उरलेलं खायचं. ह्या वर्षी तरी त्यांचा वाढदिवस त्यांचा होऊ द्या."

वदीमा त्याच्याकडे बघतच राहिली. कारण हा माणूस तिच्याकडे जे खोटं म्हणून मागत होता, ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

आणि ते जगात तिच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. बखीतला नाही, गानिमलाही नाही.

तर झालं होतं ते असं. चौदा शाबानची ती दुपार. गल्ल्यागल्ल्यांतून पोरं गळ्यात कापडी पिशव्या अडकवून खाऊ मागत हिंडत होती, हक्क अल-लैलाचा दिवस ना तो! वदीमाला मात्र राजवाड्याच्या जनानखान्यात अडकून पडावं लागलं होतं, चौकाच्या एका बाजूला अफराची खोली, दुसऱ्या बाजूला तिच्या सवतीची, सुहैलच्या आईची, नाखीराची, आणि मधे हिच्या हातात गरम पाण्याचं घमेलं. ऊन अजून भिंतीच्या वरच्या काठावर होतं, तेव्हा अफराच्या खोलीत गानिम रडला. आई म्हणाली, "पळ! शेखांना खबर दे, दुसऱ्या कुणाच्या आधी! आणि वाटेत कुठे रेंगाळलीस तर तंगडी मोडीन!"

वदीमा पळाली. आणि रेंगाळली. देवडीवर स्वयंपाकीणबाई पोरांना टोपलीतून भाजलेले हरभरे, अक्रोड, साखरेच्या गोळ्या वाटत होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. गर्दीत घुसून ओंजळ भरून घ्यायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात बांग झाली. ती मशिदीच्या दाराशी पोचली तेव्हा शेख मुसब्बह पहिल्या ओळीत उभे होते आणि नमाज सुरू झाला होता. नमाज मोडून खबर कोण देणार? ती दारात हरभरे मुठीत धरून उभी राहिली. मग धापा टाकत आला तो जौहर, नाखीराच्या माहेरचा नोकर. त्याने तिला कोपराने बाजूला सारलं, चपलांच्या ढिगात तिच्या पुढे उभा राहिला, आणि नमाज संपल्याबरोबर ओरडला, "मुबारक! मुबारक! शेखा नाखीरांना मुलगा झाला!"

शेखांनी कमरेचा खंजीर काढून त्याला बक्षीस दिला. बंदुका उडाल्या. मग शेखांना ही दारातली पोर दिसली. "तुझी काय गं खबर?"

"शेखा अफरांनाही मुलगा झाला."

"कधी?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तंगडी मोडीन म्हणणारी आई तिच्या डोळ्यापुढे आली. "आत्ताच," ती म्हणाली.

एका शब्दाने आणि मूठभर हरभऱ्यांनी गादी इकडची तिकडे झाली. आईने घरी बदडून काढली, पण आईसुद्धा नंतर गप्प बसली. उडालेल्या बंदुका खोट्या कोण पाडणार? त्यातच नाखीराला दूध येईना. मर्यूमच्या अंगावर तेव्हा तान्हं बाळ होतं. तिने सुहैलला पाजलं, दोन वर्षं. एका आईचं दूध प्यायले की ती भावंडंच, तिथे शेख कोण आणि सुईणीची पोर कोण! सुहैल वदीमाचा दूधभाऊ झाला. दर ईदला न चुकता येतो, तिच्या हातचा गहू-मटणाचा हरीस खातो, 'ताई' म्हणतो.

"मी येईन साक्षीला," वदीमा बखीतला म्हणाली. "तुम्ही कॉफी घ्या."

बखीतने कॉफी एका घोटात संपवली. "अल्ला भलं करो," म्हणाला, आणि जाताना ओबैदचा फोटो भिंतीवर वाकडा झाला होता तो सरळ करून गेला.

मग दोन दिवस वदीमा घरातल्या घरात फिरत राहिली. भात करपला. दाराबाहेर गाडी थांबली की ती फटीतून बघायची. अगं बाई, घाबरतेस कशाला, ती स्वतःलाच म्हणायची, तुला खरंच तर बोलायचंय! खरं बोल, पोरगा सोडव, मोकळी हो. चाळीस वर्षांचं ओझंही उतरेल. असं म्हटलं की क्षणभर बरं वाटायचं. पण लगेच सुहैल आठवायचा, आणि गानिमही. गानिमने एका ससाणा पाळणाऱ्याला, पक्षी मेला म्हणून, भर उन्हात तीन दिवस पिंजऱ्यात बसवलं होतं. त्याच्या हाती हुवैला देणार ती आपण? आणि नाही दिलं तर कुराणावर हात ठेवून खोटं, आणि वाळवंटात ओबैद. इकडे आड, तिकडे विहीर. भीतीने तिला धड रडूही येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुहैल स्वतः आला, खजुराची टोपली घेऊन. उंबऱ्यातच बसला, लहानपणी बसायचा तसा.

"ताई, उद्याचं कळलं ना? घाबरू नकोस. जे झालं ते सांग, बास."

"जे झालं ते?"

"मग! वहीत आहेच ते. गानिमला हौस आली आहे, भागवू दे." तो हसला. "ओबैद कुठाय? दिसला नाही."

"ड्यूटीवर," वदीमा म्हणाली आणि टोपली उचलून आत गेली, कारण तिला त्याच्याकडे बघवेना. आतल्या खोलीत ती खजुराच्या टोपलीवर हात ठेवून उभी राहिली. सांगावं का याला सगळं? सांगितलं तर हा भडकून गानिमकडे जाईल, आणि मग वाळवंटातून काय परत येईल? ती बाहेर आली तेव्हा सुहैल चप्पल घालत होता.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या मजलिसमध्ये, बैठकीच्या दालनात, घराण्यातले तीस-चाळीस पुरुष भिंतीला लागून ओळीने बसले होते. मधे काझी दरवीश, नव्वदीचे, डोळ्यांनी अधू. वदीमाच्या तोंडावर जुन्या बायका घालतात तो मुखवट्यासारखा ताठ बतूला होता. बरं झालं होता, त्याखालून घाम हनुवटीपर्यंत ओघळत होता. गानिम समोर बसला होता, जपमाळेचे मणी सावकाश ओढत. त्याच्या मागे बखीत उभा. डावीकडे सुहैलने तिच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे, बोल, मी आहे.

काझींनी कुराण तिच्या हाताखाली सरकवलं. "जन्माच्या बाबतीत एका बाईची साक्ष चालते. पण अल्लाला घाबरून बोल."

अल्लालाच काय, ती त्या क्षणी जमिनीवरच्या गालिच्यालाही घाबरत होती. पण एकदा बोलायला लागली तेव्हा थांबता येईना. तिने सगळं सांगितलं. भिंतीवरचं ऊन, गानिमचं रडणं, आईचं 'पळ', देवडी, हरभरे. हरभऱ्यांपाशी कुणीतरी फिसकन हसलं. जौहरचं कोपर, चपलांचा ढीग, आणि शेवटी तो एक शब्द, 'आत्ताच'.

"म्हणजे शेख गानिम आधी?" काझींनी विचारलं.

"आधी. सूर्य मावळायच्या आधी. चौदा शाबान."

"चाळीस वर्षं गप्प का होतीस?"

"भीती वाटत होती."

"कुणाची?"

"तेव्हा आईची. मग सगळ्यांचीच."

वदीमाने मान वर केली. गानिम हसत होता, म्हणजे नुसता ओठाचा एक कोपरा वर गेला होता. त्याने किंचित मागे वळून बखीतकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात कौतुक होतं, मालकाने चांगल्या कामाबद्दल नोकराकडे बघावं तसं. हरभरे! काय डोकं चालवलंस! तिला ते स्वच्छ कळलं. या माणसाला आपण खरं बोलतोय असं वाटतच नाहीये.

काझींनी निकाल लिहायला सांगितला. लोक उठून गानिमच्या खांद्याचं, नाकाचं चुंबन घ्यायला पुढे सरकले. सुहैल मात्र गर्दीतून वदीमाकडे आला. तोंड पांढरंफटक. तिने डोक्यावर घेतलेल्या कापडावर त्याने वाकून ओठ टेकले.

"ओबैद त्यांच्याकडे आहे ना, ताई?" तो हळूच म्हणाला.

"सुहैल, ऐक, मी खरंच..."

"काल तू आत गेलीस ना टोपली घेऊन, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. राग नाही माझा. माझा मुलगा असता तर मीही हेच केलं असतं."

"अरे पण ते खरं आहे रे! आपल्या दुधाची शपथ!"

त्याने तिचा हात एकदा दाबला आणि तो निघून गेला. त्या वर्षी ईदला तो आला नाही. नंतरही कधी आला नाही.

ओबैद त्याच संध्याकाळी घरी आला. धडधाकट, किलोभर वजन वाढवून. "काही नाही केलं गं मला," तो म्हणाला. "फक्त फोन आणि घड्याळ काढून घेतलं होतं. कधी जेवायचं, कधी झोपायचं, ते सांगतील तेव्हा." वदीमाने त्याचं तोंड, हात, पाठ चाचपून बघितली आणि त्याला एक थोबाडीतही मारली, का ते तिचं तिलाच कळलं नाही. मग दोघं जेवायला बसली. ती म्हणाली, "सोड ही नोकरी. मामाची होडी आहे, मासे पकड." तो म्हणाला, "बरं." सकाळी बखीत हुकूम घेऊन दारात उभा होता. ओबैदची नेमणूक वारसाच्या खास पहाऱ्यात झाली होती. राहणं राजवाड्यातच. रजा नाही.

महिन्याने चौदा शाबान आला. रस्तोरस्ती गानिमचे फलक लागले. छापखान्यांनी पंधराच्या जागी चौदा केलं होतं, घाईत एका फलकावर दोन्ही तारखा राहून गेल्या होत्या आणि पोलीस तो खाली उतरवत होते. पोरं गळ्यात पिशव्या घालून गाणी म्हणत हिंडत होती. वदीमा दारात टोपली घेऊन त्यांना हरभरे वाटत होती तेव्हा राजवाड्याची गाडी आली.

"शेखसाहेबांनी नवा रिवाज पाडलाय," ड्रायव्हर म्हणाला. "चला लवकर, सूर्य मावळायच्या आत पोचायचंय."

मजलिसच्या दारात तिला उभं केलं. आत खच्चून माणसं, कॅमेरे, मधे पाच मजली केक. काय म्हणायचं ते बखीतने तिला कानात सांगितलं. ऊन भिंतीच्या वरच्या काठावर आलं, आणि बखीतने तिच्या पाठीला बोट टोचलं.

"मुबारक! मुबारक!" वदीमा म्हणाली. चौदा वर्षांची असताना जे म्हणायचं राहिलं होतं ते चोपन्नाव्या वर्षी म्हणाली. "शेखा अफरांना मुलगा झाला!"

बाहेर बंदुका उडाल्या. लोक टाळ्या पिटू लागले. गानिमने तिला जवळ बोलावलं, शेजारी बसवलं, आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने फिंजानात कॉफी ओतून तिला दिली. केवढा मान! त्याच्या पाठीमागे दोन हातांवर ओबैद उभा होता, बंदूक छातीशी, नजर समोरच्या भिंतीवर. आईकडे बघायची त्याला परवानगी नव्हती, हे त्याच्या मानेच्या ताठपणावरून कळत होतं.

वदीमाने कॉफी न पिता खाली ठेवली.

जवळच्या चार-पाच जणांनी माना वळवल्या. वारसाच्या पहिल्या दिवशी, त्याच्या मजलिसमध्ये, कॉफी खाली! आता त्याला विचारावंच लागणार होतं. ती एवढ्यासाठीच महिनाभर हिंमत गोळा करत होती.

"काय मागणं आहे, आई?" गानिमने मोठ्याने, प्रेमाने विचारलं.

"माझा मुलगा, शेखसाहेब. एकुलता एक आहे. त्याला घरी सोडा."

गानिम तिच्याकडे वाकला, हसतच, लांबून बघणाऱ्याला वाटावं लेक आईच्या कानात लाडीगोडी करतोय. "कसा सोडू? ज्या बाईने कुराणावर हात ठेवून माझ्यासाठी खोटं सांगितलं, ती उद्या सुहैलसाठीही सांगेल. हा पोरगा माझ्यामागे उभा आहे तोवर नाही सांगणार."

"मी खोटं नाही बोलले!" वदीमाचा आवाज फुटला. "तुम्ही खरंच आधी जन्मलात. तुम्हीच थोरले आहात, शेखसाहेब. मी तुमचं रडणं माझ्या कानांनी ऐकलंय. भिंतीवर ऊन होतं! असंच, आत्ता आहे तसं!"

गानिम मागे टेकला आणि त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत खरोखरचं कौतुक होतं.

"वा," तो म्हणाला. "पापणीसुद्धा हलली नाही. अगदी असंच म्हणायचं हं. दरवर्षी असंच."

मग त्याने खाली ठेवलेला फिंजान उचलला आणि तिच्या हातात परत दिला.

"पी. थंड होतेय."

वदीमाने ओबैदकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. तिने कॉफी प्यायली.